मुदती हुंडी आणि इंग्रजीची परीक्षा

रात्री साडेनऊच्या सुमारास टेंभी नाक्यावरील दुकानांची शटरे एकामागून एक खाली येऊ लागतात. गल्ल्यातील रोकड मोजली जाते, दिवसभराची उधारी वहीत किंवा संगणकात चढवली जाते आणि मंडळी घराकडे वळतात. चोविहार पाळणाऱ्या घरांतील स्वयंपाकघर तर केव्हाच शांत झालेले असते. आतल्या खोलीत मात्र वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात शिकणारा मुलगा किंवा मुलगी कानांना हेडफोन लावून कोणा परदेशी प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकत असते आणि कागदावर तुटक टिपणे उतरवीत असते. हे दृश्य आता अपवादात्मक राहिलेले नाही. नौपाड्यापासून डोंबिवलीपर्यंत व्यापारी कुटुंबांतील मुले पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशाचा विचार करू लागली आहेत आणि त्या वाटेवरचा पहिला उंबरठा म्हणजे इंग्रजी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा.

वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. बालवर्गापासून इंग्रजी माध्यमात घातले, इतकी वर्षे फी भरली, आता पुन्हा इंग्रजीची परीक्षा कशासाठी? प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमधील काही विद्यापीठे बारावीच्या इंग्रजीतील गुण पाहून या परीक्षेतून सूटही देतात, मात्र ती देताना बारावी कोणत्या मंडळाची आणि गुण किती हे पाहिले जाते. म्हणून परीक्षेचे शुल्क भरण्यापूर्वी त्या विद्यापीठाच्या प्रवेशविभागाला एक पत्र पाठवून विचारून घेणे हिताचे. आयईएलटीएस या परीक्षेचे शुल्क हजारो रुपयांच्या घरात असते. विचारण्यास काही पडत नाही.

आपल्या आजोबांच्या पिढीला हुंडीचा व्यवहार ठाऊक होता. हुंडी कितीही सुवाच्य अक्षरात लिहिलेली असो, ज्याच्यावर ती काढली त्याने सकारली तरच तिला किंमत. शिवाय मुदती हुंडी असेल तर तारीख पाहावी लागे. इंग्रजीच्या परीक्षांची प्रमाणपत्रे नेमकी याच जातीची आहेत. १९८९ पासून आजच्या नावाने घेतली जाणारी आयईएलटीएस आणि १९६४ साली अमेरिकेत सुरू झालेली टोफेल या दोन्ही परीक्षांचे गुण दोन वर्षे ग्राह्य धरले जातात. केंब्रिजची सी-वन ॲडव्हान्स्ड ही परीक्षा १९९१ मध्ये सुरू झाली. तिच्या प्रमाणपत्रावर मुदत छापलेली नसते, पण ते किती जुने चालेल हे स्वीकारणारी संस्था ठरवते. एक विद्यापीठ एक परीक्षा मान्य करते, दुसरे ती करीत नाही. व्हिसा देणाऱ्या खात्याचे नियम आणखी निराळे असू शकतात. तेव्हा आधी सकारणारा कोण हे पाहावे, मग हुंडी लिहावी. घडते बहुधा उलटे. मित्राने एक परीक्षा दिली म्हणून आपणही तीच द्यायची, आणि अर्ज करताना कळते की इष्ट विद्यापीठाला दुसरीच हवी आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षी उत्साहाने परीक्षा उरकून टाकणारे आणि पुढे दोन वर्षे नोकरीचा अनुभव घेणारे विद्यार्थी मुदतीच्या बाबतीत अडकतात.

या परीक्षांचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. केंब्रिजने इंग्रजी प्रावीण्याची पहिली परीक्षा १९१३ साली घेतली. एकंदर बारा तासांची ती परीक्षा होती. तीत भाषांतर होते, निबंध होता, उच्चारशास्त्र होते, वाङ्मय होते. बसले तिघे, आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. आजच्या परीक्षा इतक्या निष्ठुर नाहीत. युरोप परिषदेने २००१ साली भाषाज्ञानाच्या ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या आणि बहुतेक परीक्षा आता त्या पायऱ्यांशी आपले गुण जुळवून दाखवतात. सी-वन ही पाचवी पायरी. लांबलचक आणि अवघड मजकूर वाचून त्यातील सुप्त अर्थ कळणे, शब्दांसाठी न अडखळता बोलणे, गुंतागुंतीच्या विषयावर सुसंगत लिहिणे हे तिचे मर्म. आयईएलटीएसचे सात किंवा त्याहून थोडे अधिक गुण या पायरीच्या जवळपास येतात.

गुणांचा हिशोब व्यापारी घरात लगेच समजेल. आयईएलटीएसमध्ये ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे या चार अंगांना शून्य ते नऊ असे गुण मिळतात आणि त्यांची सरासरी अर्ध्या गुणाच्या पटीत काढतात. समजा एखाद्याला ऐकण्यात ८, वाचनात ७.५, बोलण्यात ७ आणि लेखनात ६ मिळाले. बेरीज २८.५, सरासरी ७.१२५, म्हणजे अंतिम गुण ७. घरात पेढे वाटले जातात. परंतु विद्यापीठाची अट बहुधा दुहेरी असते, एकूण इतके आणि कोणत्याही एका अंगात अमुकपेक्षा कमी नाही. ती खालची मर्यादा साडेसहा असेल तर लेखनातील ६ गुणांमुळे सशर्त प्रवेश सशर्तच राहतो. अट पूर्ण झाल्याशिवाय ब्रिटिश विद्यापीठ व्हिसासाठी लागणारा संदर्भ क्रमांक देत नाही. कधी विद्यापीठच मुख्य अभ्यासक्रमाआधी काही आठवड्यांचा भाषावर्ग करण्यास सांगते. त्याची फी आणि तेवढ्या दिवसांचा परदेशातील राहण्याचा खर्च घरच्या अंदाजपत्रकात कुठेच धरलेला नसतो. अर्ध्या गुणाची ही किंमत लाखांत जाऊ शकते.

आणि हा अर्धा गुण बहुतेक वेळा लेखनातच जातो. याचे कारण मुलांची बुद्धी नव्हे. घरात मारवाडी, गुजराती किंवा कच्छी, दुकानात मराठी, गिऱ्हाईक परप्रांतीय असेल तर हिंदी आणि शाळेत इंग्रजी अशा चार भाषांत ही मुले लीलया वावरतात. जांभळी नाक्याच्या बाजारात पाच मिनिटांत तीन भाषा बदलणारा मुलगा भाषेत कच्चा आहे असे कोण म्हणेल? मात्र या चारांपैकी एकाही भाषेत त्याने अडीचशे शब्दांचा स्वतःचा विचार सलग मांडलेला नसतो. वाणिज्य शाखेत इंग्रजीचा विषय पहिल्या वर्षानंतर बहुधा सुटतोच. पुढची उत्तरे मुद्द्यांत लिहायची, मुद्दे मार्गदर्शकातून पाठ करायचे आणि प्रत्येक मुद्द्याखाली दोन ओळी भरायच्या, या सवयीवर पदवी पदरात पडते. प्रावीण्य परीक्षेचा परीक्षक मुद्द्यांची यादी मागत नाही. त्याला परिच्छेद हवा असतो, एक विधान, त्याचे कारण, त्यावरचा संभाव्य आक्षेप आणि त्या आक्षेपाचे उत्तर.

एखादा विषय घेऊन पाहू. गजबजलेल्या बाजारपेठेत वाहनांना बंदी करून रस्ता केवळ पायी चालणाऱ्यांसाठी ठेवावा काय, अशा धर्तीचे प्रश्न या परीक्षांत नेहमी येतात. क्लासमध्ये पाठ केलेला निबंध प्रदूषण, अपघात, आरोग्य असे तीन शब्द घेऊन येतो आणि परीक्षकाला पहिल्या ओळीतच त्याचा वास येतो. टेंभी नाक्यावर दुकान असलेल्या घरातील मुलीने मात्र या प्रश्नाच्या दोन्ही बाजू डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. माल घेऊन आलेला टेम्पो कोठे उभा करायचा यावरून रोज सकाळी होणारी वादावादी तिला माहीत असते. वृद्ध गिऱ्हाईक रिक्षा दारापर्यंत येत नसेल तर दुसऱ्या दुकानी जाते हेही तिला ठाऊक असते, आणि सणाच्या दिवसांत रस्ता बंद झाला की पायी येणारी गर्दी उलट अधिक खरेदी करते हेही तिने पाहिलेले असते. सकाळी अकरापर्यंत मालवाहतूक आणि नंतर पादचारी, अशी तडजोड ती सुचवू शकेल. हाच सी-वन पायरीचा निबंध. सामग्री घरातच असते, ती इंग्रजीत नीट बसवण्याचा सराव तेवढा नसतो.

आलेखाचेही तसेच. आयईएलटीएसच्या शैक्षणिक प्रकारात लेखनाचा पहिला प्रश्न बहुधा आलेख किंवा कोष्टक यांवर असतो, दीडशे शब्दांचा. त्यात विद्यार्थी प्रत्येक आकडा क्रमाने लिहीत सुटतात. ताळेबंद पाहणारा अनुभवी व्यापारी असे कधी करीत नाही. त्याची नजर आधी एकूण रकमेवर, मग गेल्या वर्षीच्या फरकावर आणि मग ज्या एका खात्यात विलक्षण वाढ किंवा घट झाली त्यावर जाते. परीक्षकाची अपेक्षा तीच आहे. दुसरा प्रश्न अडीचशे शब्दांचा, आणि त्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट. साठ मिनिटांतील चाळीस मिनिटे त्याच्यासाठी राखून ठेवावीत.

भाषेच्या चुकांपैकी पुष्कळ चुका आपल्या मातृभाषांच्या रचनेतून येतात आणि त्या ओळखणे अवघड नाही. मराठी, गुजराती, मारवाडी यांत 'अ', 'ॲन', 'द' यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून ती एकतर गळतात किंवा नको तेथे पडतात. 'डिस्कस अबाउट', 'रिटर्न बॅक', 'कझिन ब्रदर', 'टुडे मॉर्निंग' ही आपली ठेवणीतली नाणी. 'आय हॅव' म्हणावयाच्या ठिकाणी 'आय ॲम हॅविंग' म्हणण्याची सवय तर सार्वत्रिक आहे. बँका आणि सरकारी कचेऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले 'काइंडली डू द नीडफुल' हे वाक्यही परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शोभत नाही, मग त्याने आजवर कितीही कर्जप्रकरणे मार्गी लावलेली असोत. केंब्रिजच्या सी-वन परीक्षेतील 'यूज ऑफ इंग्लिश' हा भाग अशाच बारीक शब्दांची कसोटी पाहतो. रिकाम्या जागी एखादे क्षुल्लक शब्दयोगी अव्यय घालायचे असते, दिलेला शब्द वापरून वाक्य अर्थ न बदलता पुन्हा बांधायचे असते. दीड तासांत आठ भाग, छपन्न प्रश्न. अवघड शब्दांच्या याद्या पाठ करून हे साधत नाही. ज्याने हे छोटे शब्द वाचनात हजारदा पाहिले आहेत, त्यालाच येथे हात न थांबवता लिहिता येते.

ठाणे-कल्याण परिसराला या बाबतीत एक फार मोठे उदाहरण लाभलेले आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेर कल्याणचे. १८६५ सालचा त्यांचा जन्म. त्या काळी परदेशी जाणाऱ्यासाठी अशी परीक्षा नव्हती, मात्र परक्या भाषेत विद्या घेण्याची त्यांची तयारी पाहिली तर आजच्या विद्यार्थ्याला तिच्यातून पुष्कळ काही मिळते. पती गोपाळराव टपाल खात्यात होते. त्यांचे एक पत्र अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी ते दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना वाचले, आणि १८८० पासून आनंदीबाई व त्या यांच्यात पत्रव्यवहार सुरू झाला. गोपाळरावांच्या बदलीमुळे हे दांपत्य तेव्हा कच्छमध्ये भूजला होते. पुढे बदली बंगालमध्ये झाली, पत्रे चालूच राहिली. आपल्याकडील सण, चालीरीती, लग्ने, आजारपणे, स्त्रियांची स्थिती हे सारे एका अपरिचित वाचकाला समजेल अशा इंग्रजीत लिहिण्याचा तो सुमारे तीन वर्षांचा अखंड अभ्यास होता.

त्याचे फळ २४ फेब्रुवारी १८८३ रोजी दिसले. श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात, अठरावे वर्षही पुरे न झालेल्या या मुलीने आपण अमेरिकेला का जात आहोत याचे विवेचन भर सभेत इंग्रजीत केले. लोकांनी विचारलेले आक्षेप एकेक घेऊन त्यांना उत्तरे देणे, अशी त्या भाषणाची मांडणी होती. वर ज्या परिच्छेदाचा उल्लेख केला, त्याचे याहून चांगले उदाहरण शोधण्यास फार लांब जावे लागेल. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या. अमेरिकेत पोहोचल्यावर फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेले अर्जाचे पत्र हीच त्यांची प्रवेशपरीक्षा ठरली आणि मार्च १८८६ मध्ये त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. गोपाळरावांचा अभ्यासाविषयीचा आग्रह अतिशय कठोर होता, हेही त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. त्याचे अनुकरण कोणत्याही पालकाने करू नये. घ्यायचे ते पत्रलेखन.

आजच्या विद्यार्थ्यालाही हा मार्ग मोकळा आहे. परदेशी असलेल्या एखाद्या चुलत भावंडाला किंवा मैत्रिणीला दर आठवड्याला अडीचशे शब्दांचे एक पत्र लिहावे, त्यात एका प्रश्नाविषयीचे स्वतःचे मत असावे आणि समोरच्याने केवळ न पटलेल्या जागा दाखवाव्यात. सहा महिन्यांत पंचवीस पत्रे होतात. स्टेशन परिसरातील क्लासमध्ये सहा आठवड्यांत परीक्षेचे स्वरूप, वेळेची विभागणी आणि प्रश्नांचे प्रकार शिकवतात. ते ज्ञान आवश्यक आहे आणि त्यासाठी फी देण्यास हरकत नाही. मात्र सहा आठवड्यांत स्वरूप समजते, भाषा येत नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या आरंभी वाचन आणि लेखन सुरू करावे आणि क्लास परीक्षेच्या तोंडावर लावावा.

वाचन कोणत्या भाषेतील, असा प्रश्न येथे विचारला जाईल. ठाणे हे १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करणारे शहर आहे. ज्या मुलाने मराठीत किंवा गुजरातीत एखादा अग्रलेख शेवटपर्यंत वाचून त्यातील युक्तिवाद घरात कोणाला सांगितला आहे, त्याला इंग्रजी उतारा वाचताना लेखकाचा रोख कोठे वळला हे लवकर कळते. इंग्रजी वर्तमानपत्रातील अर्थकारणाचे पान तर व्यापारी घरात येतच असते. त्यातील एक लेख रोज वाचून, घडी घालून, आठवणीने पाच वाक्यांत लिहून काढावा. जुनी पुस्तके मात्र जपून घ्यावीत. टोफेलचे स्वरूप २०२३ मध्ये बदलले आणि जानेवारी २०२६ पासून पुन्हा बदलले. रद्दीवाल्याकडे स्वस्तात मिळालेला जाडजूड ग्रंथ आता न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा सराव करून घेईल.

बोलण्याच्या परीक्षेची भीती अनाठायी असते. आयईएलटीएसमध्ये परीक्षकासमोर अकरा ते चौदा मिनिटे बोलायचे असते. केंब्रिजच्या परीक्षेत दोन विद्यार्थी एकत्र बसतात आणि एकमेकांशी चर्चा करतात, तेथे जोडीदाराला बोलू देण्यालाही महत्त्व आहे. इंग्रजी उच्चार साहेबासारखे असावेत अशी अपेक्षा कोठेच नाही, शब्द स्पष्ट कळले पाहिजेत. गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला न दुखावता नाही म्हणणे ज्या मुलांना साधले आहे, त्यांना येथे विशेष शिकवावे लागत नाही.

ऐकण्याच्या सरावाला टेंभी नाक्यावर एक स्थानिक अडचण आहे. पुढील वर्षीच्या सप्टेंबरच्या प्रवेशासाठी परीक्षा साधारणतः शरद ऋतूत दिली जाते आणि त्याच सुमारास नवरात्र येते. येथील देवीची आगमन मिरवणूक आणि नऊ दिवसांची गर्दी ठाणेकरांना सांगायला नको. आयईएलटीएसमधील ध्वनिफीत एकदाच वाजवतात, केंब्रिजची दोनदा. खिडकीबाहेर ढोल वाजत असताना एकदाच ऐकून उत्तर लिहिण्याची सवय झाली तर परीक्षागृहातील शांतता वरदान वाटेल असे काही मुले विनोदाने म्हणतात, पण सरावासाठी पहाटेची वेळच बरी. परीक्षेच्या तारखा आता भरपूर असतात. पर्युषणात उपवास असतील तर त्या आठवड्यातील तारीख न घेता पुढची घ्यावी. उपवासाच्या तिसऱ्या दिवशी तीन तास एकाग्र बसण्याचा हट्ट घरातील वडीलधाऱ्यांनीच मोडावा.

पहिल्या वेळी लेखनात गुण कमी पडलेच तर आयईएलटीएसमध्ये आता एका अंगाची पुनर्परीक्षा देता येते. मूळ परीक्षेपासून साठ दिवसांच्या आत ती द्यावी लागते, आणि असा निकाल आपल्याला चालतो का हेही विद्यापीठाला विचारावे लागते. म्हणून मूळ तारीखच अशी निवडावी की प्रवेशाच्या अंतिम मुदतीपूर्वी हे साठ दिवस हाताशी राहतील. दिवाळीच्या धंद्याच्या आठवड्यात मुलगा दुकानात लागतो, हेही तारीख ठरवताना घरातच बोलून घ्यावे. त्या वर्षी तो गल्ल्यावर बसणार नाही, असे वडिलांनी धनतेरसपूर्वी सांगून टाकलेले बरे.

शेवटी नावाची बाब. नोंदणी पारपत्रावर होते आणि परीक्षेच्या दिवशी तेच मूळ पारपत्र दाखवावे लागते. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, कधी आईचे. पारपत्रावर वडिलांचे नाव कोणाच्या नावाच्या रकान्यात जोडलेले असते, कोणाचे नसते. कोठे 'शाह' तर कोठे 'शहा'चे स्पेलिंग. बँकेच्या खात्यात जी नावे जुळत नाहीत म्हणून धनादेश परत येतो, तीच नावे येथे प्रवेश अडवतात. नोंदणीचा अर्ज भरताना पारपत्र समोर उघडे ठेवावे आणि त्यावरील अक्षर न्‌ अक्षर तसेच्या तसे उतरवावे. पारपत्राची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण आधी, परीक्षेची तारीख नंतर.